सहा पावलं

माझ्या ताऱ्याला नाव नाही.
सूचीत एक लांबलचक क्रमांक आहे, बँकेच्या खात्यासारखा,
आणि खात्यात लोह जवळजवळ शून्य.
म्हणजे म्हातारा. आकाशगंगा अजून घर मांडत होती
तेव्हाचा.

अठरा वर्षं मी असल्या दोनशे अकरा ताऱ्यांच्या मागे आहे.
पुण्यात प्रबंध, मग हायडेलबर्ग, मग चिले,
तिथे दुर्बीण डोंगरावर आणि मी खाली
पडद्यापुढे, दोन स्वेटर घालून.
आता निझवाचं कॉलेज. पहिल्या वर्षाच्या पोरांना
उतरणीवरून घसरणारा ठोकळा शिकवते
आणि गुरुवारी रात्री गाडी काढून आदमला येते,
कारण तिथून पुढे दिवे संपतात.
पश्चिमेला फहूदकडे वायू जळतो,
तेवढाच एक नारिंगी डाग.

आई परभणीहून फोनवर विचारते,
"अजून त्याच ताऱ्यावर आहेस का गं?"
जणू माझी बदली अडलीय.

खलफानचे तारे मोजून चोवीस.
सगळे नावाचे, सगळे कामाचे.
फलजचं पाणी रात्री कुणाच्या बागेत किती वेळ,
हे तो त्यांना विचारून ठरवायचा.
अर्धा तास म्हणजे एक अथर.
आता गाव मनगटाकडे बघतं,
त्याचा मुलगा तर पाळ्या मोबाइलवर लावतो,
तरी खलफान आपला बुरुजासमोरच्या दगडावर
येऊन बसतोच.

पहिल्याच भेटीत म्हणाला,
"दुक्तूरा, तुझ्या ताऱ्यावर कुणाचं पाणी चालतं?"
कुणाचंच नाही, म्हटलं.
त्याने मान हलवली,
बेकार पुतण्याबद्दल ऐकावं तशी.

सप्टेंबरात त्याचा गुडघा सुजला.
निरोप आला: आज तू बघ.
दबरान बुरुजाच्या कडेवर आला की हाक दे,
पोरगा बांध फोडेल.
दबरान म्हणजे आपली रोहिणी.
लहानपणी गच्चीवर मी तिला बोटाने झाकायचे.
यात काय अवघड?
गाडी लावली, टपावर बसले,
थर्मासमधला चहा ओतला.
कृत्तिका वर गेल्या. मागोमाग तो तांबूस ठिपका
दगडी कडेवर टेकला आणि मी ओरडले.
अंधारात पाण्याने कूस बदलली.

सकाळी झुवैना दारात.
"माझी सात मिनिटं?"
तिच्या लिंबांचं पाणी मी सात मिनिटं आधी तोडलं होतं.
मी कागद काढला. अक्षांश, तारीख, उदयाची वेळ,
हवेतून वाकणाऱ्या प्रकाशाची दुरुस्तीसुद्धा.
खलफान खाटेवरून ऐकत होता. मग म्हणाला,
"कुठे बसली होतीस?"
गाडीवर.
"गाडी कुठे?"
दगडाच्या मागे. सहा पावलं.
तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
"मागे गेलं की बुरूज बुटका होतो, दुक्तूरा.
तारा लवकर दिसतो."

जानेवारीत बघा, जुलैत बघा,
मधे पृथ्वी तीस कोटी किलोमीटर सरकलेली असते,
तेव्हा कुठे जवळचा तारा केसभर हलतो
आणि अंतर हाती लागतं.
हे मी दर वर्षी फळ्यावर काढते.
खडूने. न बघता.

खलफानने आपल्या खजुरांची सात मिनिटं
झुवैनाला देऊन टाकली.
म्हणजे देणं आता माझ्याकडे.
पैसे नको म्हणाला. पुढच्या पाळीला दगडावर बस.

बसले. दगड अजून दिवसाचा तापलेला,
मधे खोलगट, कुणाकुणाच्या बसण्याने.
वाट बघताना कार्डाची मुदत आठवली, मार्च.
पुढचा अर्ज कुठे करायचा ते ठरलेलं नाही.
दोनशे अकरापैकी एकशे नव्वद झालेत.

कडा काळी होती. मग नव्हती.
हाक देताना आवाज फाटला,
पलीकडे पोरगा म्हणाला, "ऐकलं, ऐकलं,"
आणि पाणी निघालं.